हजेरीपट आणि कोयता

दिवाळीची सुटी संपून माध्यमिक शाळा पुन्हा भरू लागतात, तेव्हा राज्याच्या बहुतेक भागांत दुसऱ्या सत्राची सुरुवात होते. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात मात्र त्याच सुमारास अनेक वर्ग अर्धे रिकामे होतात. बालाघाटाच्या डोंगररांगांतील, सिंदफणेच्या काठचा हा तालुका ऊसतोड मजुरांचा तालुका म्हणून ओळखला जातो. जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर आणि जिल्ह्याच्या सीमेपलीकडचा पाथर्डी यांचीही हीच ओळख आहे. कारखान्यांची धुराडी पेटण्याची तारीख जाहीर झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येतात. त्यांत संसार भरला जातो, शेळ्या-कोंबड्या चढवल्या जातात आणि त्यांच्यासोबत शाळेतली मुलेही जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर किंवा कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या गाळप क्षेत्रात ही कुटुंबे पुढचे पाच महिने कोप्यांमध्ये काढतात. गावातल्या हजेरीपटावर मुलांची नावे तशीच राहतात.

या नावांपुढे रोज काय लिहायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ आणि कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात सातवी-आठवीच्या पुढे शिकू पाहणाऱ्या हजारो मुलामुलींचे भवितव्य त्यावर अवलंबून असते. राज्यातील ऊसतोड मजुरांची संख्या आठ ते दहा लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाते आणि त्यांत बीड जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. यास्तव उपस्थितीचे नियम कोणते वेळापत्रक गृहीत धरून केलेले आहेत आणि ते कोणाला लागू होतात, याचा विचार केला पाहिजे.

नियमाचे गणित

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. आजारपणासारख्या कारणासाठी तूट माफ करण्याची सोयही नियमांत आहे. ही अट अवाजवी म्हणता येणार नाही. जो वर्गात आला नाही, त्याने वर्गाचा दाखला मागू नये, इतकाच तिचा अर्थ आहे. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. माध्यमिक शाळेचे वर्षही साधारण तेवढ्याच दिवसांचे धरले, तर ७५ टक्क्यांचा अर्थ १६५ दिवस उपस्थिती असा होतो. म्हणजे विद्यार्थ्याला वर्षभरात ५५ दिवसांची गैरहजेरी परवडू शकते.

आता ऊसतोडीचा हंगाम पाहू. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गाव सोडलेले कुटुंब मार्चअखेर, कधी एप्रिलमध्ये परत येते. या काळात शाळेचे शंभराच्या आसपास दिवस बुडतात. उरलेल्या दिवसांत मूल एकदाही घरी राहिले नाही, तरी त्याची उपस्थिती जेमतेम ५५ टक्क्यांपर्यंत जाते. ताप आला नाही, शेतीची कामे निघाली नाहीत, धाकट्या भावंडाला सांभाळावे लागले नाही, असे गृहीत धरूनच हा हिशेब आहे. दहावीच्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी आहे. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. तोडणी भरात असण्याचा तो काळ. आईवडील सांगलीच्या फडात आणि मुलाचे परीक्षा केंद्र शिरूरमध्ये, अशी ही स्थिती असते. थोडक्यात, ७५ टक्क्यांची अट या मुलांना अवघड जाते असे म्हणणे पुरेसे नाही. घर हलले तर ती पाळता येणे मुळातच शक्य नाही.

आठवीनंतर सुटणारा हात

या प्रश्नात कायद्याची एक रेषा महत्त्वाची आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो सहा ते चौदा वयोगटापुरता आहे. या कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर दाखला तातडीने द्यावा लागतो आणि दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, तरी शाळेतून काढण्याची बंदी कायम राहिली.

नववीत पाऊल टाकताच हे सर्व संरक्षण संपते. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच असतो. हंगामी वसतिगृहांची योजना मुख्यतः याच वयोगटासाठी आखलेली आहे. वाडीवस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा बहुधा सातवी-आठवीपर्यंत असते, त्यामुळे हायस्कूलसाठी मोठ्या गावाला किंवा तालुक्याला जावे लागते. नेमके याच वयात मुलाच्या हातात कोयता बसू लागतो. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी; उचल त्या हिशेबाने मिळते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधू लागला, वाढे गोळा करू लागला, की कुटुंबाच्या लेखी तो कमावता होतो. शाळेचा नियम कडक होतो, सरकारचा आधार निघून जातो आणि श्रमाच्या बाजारात मुलाची किंमत वाढते. या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी घडतात. नववीचा वर्ग ओस का पडतो, याचे उत्तर शोधायला मोठ्या अभ्यासगटाची गरज नाही.

मुलींच्या बाबतीत यात आणखी एक धागा गुंतलेला आहे. वयात आलेल्या मुलीला गावात एकटे ठेवायचे कसे आणि फडावरच्या उघड्या कोपीत सोबत न्यायचे तरी कसे, या पेचावर अनेक घरांत लग्न हाच तोडगा काढला जातो. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि नवी उचल मिळते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास होती. हायस्कूलच्या हजेरीपटावरील मुलीचे नाव आणि ही आकडेवारी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. शाळेत टिकलेले प्रत्येक वर्ष लग्न पुढे ढकलण्याचे कारण असते. ते कारण नाहीसे झाले की घरात दुसरे कारण शोधण्याची उमेद फारशी उरत नाही.

हजेरीपट खोटे का बोलतो

एवढी मुले पाच महिने गैरहजर असतील, तर ती कागदावर का दिसत नाहीत, असा प्रश्न शहरी वाचकाला पडेल. त्याचे उत्तर व्यवस्थेच्या रचनेत आहे. शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे, हे पटसंख्येवर ठरते. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, तुकडी बंद पडते आणि लहान शाळेचे अस्तित्वच धोक्यात येते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर झालेल्या पटपडताळणीत सुमारे वीस लाख विद्यार्थी पटावर असूनही वर्गात सापडले नव्हते. पन्नास टक्क्यांपेक्षा कमी उपस्थिती आढळलेल्या शाळांवर कारवाईचे सत्र सुरू झाले. बोगस पट दाखवून अनुदान लाटणाऱ्या संस्थांना त्यातून चाप बसला, हे चांगलेच झाले. परंतु त्या मोहिमेतून प्रामाणिक मुख्याध्यापकानेही एक धडा घेतला. 'गैरहजर' हा शेरा ज्या मुलाविषयी आहे, त्याच्यापेक्षा तो लिहिणाऱ्या शाळेलाच अधिक महागात पडतो, हा तो धडा.

दुसरी बाजू शाळाबाह्य मुलांच्या शोधाची. महाराष्ट्रात शाळाबाह्य ठरवताना शाळेत दाखल न झालेल्या मुलांबरोबरच सलग एक महिन्याहून अधिक काळ अनुपस्थित राहिलेली सहा ते चौदा वयोगटातील मुलेही धरली जातात. व्याख्या उत्तम आहे. पण राज्यव्यापी एकदिवसीय सर्वेक्षण झाले ते ४ जुलै २०१५ रोजी. 'मिशन झिरो ड्रॉपआउट' ही मोहीम राबवली गेली ती ५ ते २० जुलै २०२२ या काळात. जुलैमध्ये ऊसतोड मजूर गावात असतो, पेरणी झालेली असते आणि मुले शाळेत असतात. जे मूल नोव्हेंबरमध्ये नाहीसे होते, त्याला जुलैमध्ये शोधायला गेले की ते वर्गातच सापडणार. मार्च २०२१ मध्येही शोधमोहीम झाली, पण ती करोनाच्या सावटाखाली, शाळांचे वेळापत्रकच कोलमडलेले असताना. मोजणीचा महिना निवडतानाच उत्तर निम्मे ठरून जाते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

अलीकडे तंत्रज्ञानावर भिस्त ठेवली जात आहे. १ डिसेंबर २०२३ पासून पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्यांची रोजची उपस्थिती मोबाइलवरील चॅटबॉटद्वारे नोंदवण्याची पद्धत राज्यात आणली गेली. यंत्र नोंद घेते. नोंदीचा अर्थ लावणे हे माणसाचे काम आहे. आजारी मूल, शाळा बुडवून क्रिकेट खेळणारे मूल आणि आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेलेले मूल, या तिघांसाठी एकच रकाना असेल, तर रोज नोंद घेऊनही मूळ प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

उपाय झाले, पण उशिरा

शासनाने आणि संस्थांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. या शतकाच्या सुरुवातीला जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. मूल जिथे जाईल तिथे शाळा न्यावी, ही त्यामागची कल्पना होती. शिक्षणहक्क कायदा आल्यावर वेगळ्या शाळेऐवजी कारखान्याजवळच्या नियमित शाळेत या मुलांना सामावून घेण्याचे धोरण पुढे आले. मूल कुठल्या इयत्तेत आहे हे सांगणारे शिक्षण हमी पत्रक सोबत द्यावे आणि तिथल्या शाळेने त्यावर प्रवेश द्यावा, अशी व्यवस्था झाली. मूल कर्नाटकात गेले, तर मात्र समोर कन्नड माध्यमाची शाळा येते आणि हमीपत्रक कागदच राहते. शिवाय टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर सरकत असते. आज ज्या गावात नाव घातले, ते गाव पंधरा दिवसांनी मागे पडलेले असते.

हंगामी वसतिगृहांचा विचार याच्या उलट दिशेचा आहे. आईवडील गेले तरी मूल गावातच राहावे, त्याची जेवणाची व राहण्याची सोय करावी. अनेक गावांत जेवण वसतिगृहात आणि मुक्काम आजी-आजोबांकडे, असा मध्यममार्ग निघाला. हा उपाय सर्वांत उपयुक्त ठरला आहे, कारण मुलाची शाळा, भाषा आणि मित्र बदलत नाहीत. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ऊसतोड कामगारांची मोठी संख्या असलेल्या ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी प्रत्येकी शंभर क्षमतेची ८२ वसतिगृहे उभारायची, असे त्यात ठरले. योजना स्वागतार्ह आहे. पण एका तालुक्यात दोनशे जागा आणि स्थलांतर करणारी गावे मात्र डझनावारी, हे प्रमाण लक्षात घेतले पाहिजे.

खरी मेख वेळेची आहे. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती पावसाळ्यात, पेरणीच्या आणि लग्नाच्या देण्यांसाठी. किती कोयते जाणार, मागे कोण राहणार, थोरली मुलगी स्वयंपाकाला आणि धाकट्याला सांभाळायला लागेल की नाही, हे सारे तेव्हाच घरात ठरून गेलेले असते. हंगामी वसतिगृहाची मंजुरी आणि निधी मात्र ऐन हंगामाच्या तोंडावर, कधी हंगाम सुरू झाल्यावर पोहोचतो, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. ट्रॅक्टर निघून गेल्यावर वसतिगृह उघडले, तर त्यात ज्यांची गरज कमी होती तीच मुले दाखल होतात. मुलाला मागे ठेवण्याचा निर्णय आईवडिलांनी ऑगस्टमध्ये घ्यायचा असेल, तर वसतिगृहाची हमीही ऑगस्टमध्येच द्यावी लागेल.

मोकळीक द्यायची कोणाला?

उपस्थितीची अट शिथिल केली तर शिस्त बिघडेल आणि न शिकलेली मुले पुढे ढकलली जातील, हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. पाच महिने गणित-विज्ञानाच्या तासाला न बसलेले मूल केवळ अर्ज भरायला परवानगी मिळाल्याने उत्तीर्ण होत नाही. नुसती सवलत ही एक प्रकारची फसवणूकच ठरेल. सतरा नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा मार्ग आजही खुला आहे आणि त्यात उपस्थितीचा प्रश्न येत नाही. पण तो मार्ग म्हणजे शाळेने मुलाचा हात सोडणे होय. शिक्षक नाही, वर्ग नाही, फक्त परीक्षा आहे.

मात्र शिस्तीचा आग्रह सर्वत्र सारखा नाही, हेही मान्य करावे लागेल. शहरांत कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालून दिवसभर खासगी शिकवणीत बसणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रथा इतकी रुजली, की २०१८ मध्ये शासनाला काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. तरीही ही पद्धत संपलेली नाही. फी भरू शकणाऱ्या घरातील मुलाची गैरहजेरी कागदावर हजेरी होते आणि तिला कोणी शिक्षणाची गळती म्हणत नाही. फडात गेलेल्या मुलाची गैरहजेरी एक तर लपवली जाते किंवा तिची शिक्षा त्याला भोगावी लागते. दोघेही वर्गात नसतात. फरक इतकाच की एकजण अन्यत्र शिकत असतो आणि दुसरा राबत असतो.

फिरत्या व्यवसायातील कुटुंबांचा प्रश्न जगात इतरत्रही आला आहे. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यात ज्या पालकांना व्यवसायासाठी गावोगाव फिरावे लागते, त्यांच्या सहा वर्षांवरील मुलाने बारा महिन्यांत किमान दोनशे अर्ध्या दिवसांची सत्रे, म्हणजे शंभर दिवस, शाळेत हजेरी लावली असेल, तर पालकांना दोषी धरले जात नाही. तिथे अशा गैरहजेरीची हजेरीपटावर स्वतंत्र खूण केली जाते. अमेरिकेत शेतमजुरांच्या स्थलांतरित मुलांसाठी १९६६ पासून संघराज्य सरकारचा वेगळा शैक्षणिक कार्यक्रम आहे. मूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले की त्याच्या शैक्षणिक नोंदी मागोमाग पाठवण्यासाठी संगणकीय व्यवस्था तिथे अर्ध्या शतकापूर्वीच उभी राहिली. या व्यवस्थांनी तिथले प्रश्न सुटले असे नाही. पण स्थलांतर ही शिस्तभंगाची बाब नसून कुटुंबाच्या पोटाची बाब आहे, हे त्यांनी नियमात मान्य केले.

काय करता येईल

महाराष्ट्राला यातून स्वतःच्या गरजेप्रमाणे चार गोष्टी करता येतील. पहिली, हजेरीपटावर 'हंगामी स्थलांतर' असा स्वतंत्र शेरा असावा आणि तो लिहिणाऱ्या शाळेचा पट त्या वर्षापुरता कमी धरला जाऊ नये. खरे लिहिल्याची शिक्षा होणार नाही, एवढी खात्री मिळाली तरी राज्याला पहिल्यांदा खरा आकडा कळेल. दुसरी, मुलाने कारखान्याजवळच्या शाळेत लावलेली हजेरी मूळ शाळेच्या हजेरीत मोजली जावी, नववी-दहावीतही. रोजची उपस्थिती मोबाइलवरून मुंबईला कळवता येत असेल, तर शिरोळच्या शाळेतली हजेरी शिरूरला कळवणे अशक्य नाही. तिसरी, हंगामी वसतिगृह दहावीपर्यंत वाढवावे आणि त्याची मंजुरी जुलै-ऑगस्टमध्ये, उचल वाटली जात असतानाच जाहीर व्हावी. मुलींच्या बाबतीत तर ही पहिली प्राथमिकता असली पाहिजे. चौथी, शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम जानेवारीत घ्यावी आणि ती गावांबरोबर फडांवरही व्हावी.

यापैकी कशासाठीही नवा कायदा लागत नाही. खर्चाचा मुद्दा पुढे येईल, पण त्याचे उत्तर उसाच्या कांडीत आहे. गाळलेल्या प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी घेण्याचे तत्त्व राज्याने स्वीकारलेले आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचा तोडगा निघाला, तेव्हा कामगार, मुकादम, कारखाने आणि राजकीय नेते एका टेबलाशी बसले होते. दराच्या करारात मुलांच्या शाळेचे एक कलम घालायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

नियम सर्वांना सारखा असावा, हे तत्त्व ऐकायला चांगले वाटते. पण २२० दिवसांचे वर्ष ज्यांच्या घराला लागू आहे आणि ज्यांचे वर्ष गाळपाच्या हंगामाने दोन तुकडे केलेले आहे, त्यांना एकच फूटपट्टी लावली, तर ती सारखेपणाची राहत नाही. आईवडिलांनी तोडलेल्या उसाची साखर राज्याच्या घराघरांत जाते. त्यांच्या मुलांसाठी हायस्कूलच्या हजेरीपटावर एक खरा रकाना आखणे, एवढे तरी राज्याने करायला हवे. पुढच्या हंगामाची उचल वाटली जाण्याआधी हे झाले, तर त्या वर्षीच्या नववीच्या वर्गात काही बाके भरलेली दिसतील.